कोटणीसांच्या नावातलं फूल

(पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. फळ्यावर काढलेल्या चिनी अक्षरांचं वर्णन इथे शब्दांतच केलं आहे.)

समीक्षेवरचं व्याख्यान म्हटलं की एखादी कादंबरी किंवा कवितासंग्रह समोर येणार, अशी आपली अपेक्षा असते. आज मी एका नावाची समीक्षा करणार आहे. नाव तीन अक्षरांचं आहे, चिनी आहे, आणि ते एका सोलापूरकराचं आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचं. त्यातलं शेवटचं अक्षर हा आजचा खरा विषय.

हे अक्षर तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात किंवा सोसायटीच्या फाटकापर्यंत येऊन पोचलेलं आहे. हुवावे नावाच्या कंपनीचा फोन कुणी वापरला असेल, त्यातलं पहिलं अक्षर हेच. दुकानांतून दाहुआ कंपनीचे सीसीटीव्ही कॅमेरे दिसत असत, त्यातलं दुसरं. चीनची सरकारी वृत्तसंस्था शिन्हुआ, तिच्यातही तेच. रोमन स्पेलिंग एच-यू-ए असल्यामुळे आपण 'हुआ' असं दोन तुकड्यांत म्हणतो. चिनी माणूस ते एका दमात म्हणतो, 'ह्वा', आणि सूर खालून वर नेतो. आपण एखादी बातमी ऐकून 'हो?' असं विचारतो ना, तसा. मी आज 'ह्वा' म्हणणार आहे.

उच्चाराचं निघालंच आहे तर नावाचंही उरकून घेऊ. मराठीत कोटणीसांचं चिनी नाव 'के दिहुआ' असं छापलं जातं. तेही इंग्रजीच्या वाटेनं आलंय. चिनीच्या रोमन लेखनात जो 'के' आहे तो महाप्राण, म्हणजे आपला 'ख'. आणि जो 'डी' आहे तो आपल्या 'द'पेक्षा 'त'च्या जवळचा. तेव्हा नाव झालं 'ख तीह्वा'. ख हे आडनाव, तीह्वा हे नाव. चिनी पद्धतीत आडनाव आधी. अल्पप्राण-महाप्राण दाखवायची सोय आपल्या लिपीत बसल्या जागी आहे, आणि आपण मात्र इंग्रजी स्पेलिंगच्या खिडकीतून डोकावतो. असो.

आता मूळ तक्रार. कोटणीसांवर मराठीत जे लिहिलं-बोललं जातं, त्यात या नावाचा उल्लेख आला तर एक वाक्य ठरलेलं असतं: 'ह्वा म्हणजे चीन, चीनवरच्या प्रेमाची खूण म्हणून त्यांच्या नावाला हे अक्षर जोडलं गेलं.' वाक्य चुकीचं नाही. पण ते वाचून आपण पुढे जातो, आणि नावात जे आहे त्यातलं निम्म्याहून जास्त तिथेच राहून जातं. माझं म्हणणं असं, की कोटणीसांच्या नावात या अक्षराचा अर्थ फक्त 'चीन' असा घेता येत नाही. त्याच्या शेजारी जे अक्षर बसलंय ते तसं करू देत नाही. हे पटवून द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

हकिकत तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. जपानचं आक्रमण चालू असताना सेनानी चू तेह यांनी नेहरूंना मदतीसाठी पत्र लिहिलं. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, सप्टेंबर १९३८ मध्ये, पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून निघालं. प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, उपप्रमुख नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. पाचांत दोन मराठी. चोळकरांची आठवण आपल्याला सहसा होत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं. चौघे परत आले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी हपै प्रांतातल्या एका खेड्यात वारले, वय ३२. तिथे पोचल्यावर पाचही जणांना चिनी नावं मिळाली, आणि पाचही नावांच्या शेवटी एकच अक्षर होतं: ह्वा.

[फळ्यावर अक्षर काढतात.]

हे त्याचं जुनं रूप, कोटणीसांच्या वेळी चालत होतं ते. आज तैवान-हाँगकाँगमध्ये असंच लिहितात. वर गवताची खूण आहे, म्हणजे दोन छोटे अंकुर. खाली एक उभा दांडा आणि त्याला दोन्ही बाजूंनी आडव्या फांद्या. आता तीन हजार वर्षांपूर्वीची काशाची भांडी घ्या, चौ राजवटीतली. त्यांच्यावरच्या लेखांत हेच अक्षर जवळजवळ चित्रासारखं दिसतं: एक रोप, आणि त्याला लगडून खाली झुकलेली फुलं. वरची गवताची खूण नंतर आली. म्हणजे ह्वाचा पहिला अर्थ फूल. इसवी सन १०० च्या सुमाराला श्यू शन या विद्वानानं नऊ हजारांवर अक्षरांचा कोश रचला. त्यात ह्वाला त्यानं एकाच शब्दात उलगडलंय, आणि तो शब्द बहरण्याचा आहे.

इथून अर्थ कुठे जाईल याचा अंदाज मराठी माणसाला लगेच करता येतो, कारण आपणही तेच करतो. आंब्याला बहर येतो, मग गाण्याच्या मैफलीला येतो, मग कुणाची कारकीर्द बहरते. फुलापासून शोभा, शोभेपासून वैभव. चिनीत ह्वा असंच सरकत गेलं: झगमगणारे दिवे ते ह्वा-दिवे, तारुण्याची वर्षं ती ह्वा-वर्षं, आणि, हे मला फार आवडतं, पिकू लागलेले केस ते ह्वा-केस. काळ्यात पांढरं फुलायला लागलं, एवढंच.

अर्थ असे वाढले की मूळ अर्थाची पंचाईत होते. ह्वा अक्षर दिसलं की वैभव वाचायचं की फूल? पाचव्या शतकाच्या आसपास लोकांनी साध्या फुलासाठी नवंच अक्षर चालवायला सुरुवात केली. वर गवताची खूण, खाली उच्चार सुचवणारं दुसरं अक्षर. आजही फुलवाल्याच्या दुकानावर तेच असतं. जुनं ह्वा फुलापासून मोकळं झालं. पूर्ण नाही. 'वसंतातलं फूल, शरदातलं फळ' अशा ठरीव शब्दप्रयोगात ते अजून फूलच आहे. आणि एका ठिकाणी ते फूल म्हणून राहिलंय, ती जागा आपल्याशी संबंधित आहे. 'सद्धर्मपुंडरीक' हा संस्कृत बौद्ध ग्रंथ कुमारजीवानं इसवी सन ४०६ मध्ये चिनीत आणला. पुंडरीक म्हणजे पांढरं कमळ. आपल्या पुंडलिकाच्या नावात तोच शब्द आहे. या ग्रंथाच्या चिनी शीर्षकात कमळासाठी जो शब्द आहे, त्यात हेच जुनं ह्वा बसलंय. बाजारातल्या कमळाचं अक्षर बदललं, पोथीतल्याचं नाही. पोथ्या असं करतात.

मग 'चीन' हा अर्थ कुठून आला? प्राचीन काळी पीत नदीच्या खोऱ्यातले लोक स्वतःला ह्वा आणि श्या या दोन शब्दांनी ओळखत, कधी सुटे, कधी जोडून. सातव्या शतकातल्या खोंग यिंगता या टीकाकारानं त्याचा खुलासा असा केलाय की पोशाखाच्या सौंदर्यामुळे ह्वा आणि आचारधर्माच्या थोरवीमुळे श्या. हा खुलासा त्याच्या काळाचा अभिमान सांगतो, व्युत्पत्ती म्हणून मी तो घेणार नाही. पण एक गोष्ट त्यातून कळते. ह्वा हा शब्द एकटा येत नाही. त्याच्या पलीकडे 'यी' म्हणजे बाहेरचे, रानटी लोक उभे असतात. आपल्याकडे आर्य आणि म्लेच्छ, तसं. म्हणजे फुलाचं हे अक्षर पुढे कुंपणाचंही झालं. १९१२ चं प्रजासत्ताक आणि १९४९ चं लोकप्रजासत्ताक, दोन्हींच्या अधिकृत नावात ते आहे. विसाव्या शतकात मुलांची नावं ठेवताना 'चीन घडवणारा', 'चीनवर प्रेम करणारा' अशा अर्थानं ते सर्रास वापरलं गेलं. तेव्हा 'ह्वा म्हणजे चीन' म्हणणाऱ्यांच्या बाजूनं भक्कम पुरावा आहे, हे मी आधीच कबूल करतो.

आणि कुंपण ध्यानात घेतलं तर एका परक्या माणसाला हे अक्षर देणं ही केवढी गोष्ट होती तेही कळतं. जुन्या हिशेबानं भारतातून आलेला डॉक्टर हा पलीकडचा. त्याच्या नावाच्या टोकाला 'आपलं' अक्षर लावायचं म्हणजे त्याला कुंपणाच्या आत घ्यायचं.

पुढे जाण्याआधी एक इशारा. चिनी अक्षरांबद्दल व्हॉट्सअॅपवर फार गोड गोष्टी फिरतात. दोन माणसं एकमेकांना टेकली की 'माणुसकी', छपराखाली अमुक काढलं की 'शांती', वगैरे. ह्वाच्या बाबतीत तर हा मोह फारच होईल. १९५६ च्या सुधारणेत चीननं हे अक्षर सोपं केलं. आताच्या रूपात वर एक अक्षर आहे ज्याचा अर्थ 'बदलणे', आणि खाली दहाचा आकडा, जो आपल्या अधिकच्या चिन्हासारखा दिसतो. ते 'बदलणे' अक्षर प्राचीन रूपात एक सरळ आणि एक उलटा माणूस असं काढत. झालं! आता कुणीही उठून सांगेल की बघा, ह्वात दोन माणसं आहेत, एक भारतीय आणि एक चिनी, आणि खाली दोघांना जोडणारा क्रॉस, रेडक्रॉस. (हशा) हसू नका, अशी भाषणं होतात. खरं कारण एवढंच की त्या वरच्या अक्षराचा उच्चार 'ह्वा'शी जुळतो. चिनी अक्षरांतली बहुतांश अक्षरं अशीच आहेत: एक भाग अर्थाचा अंदाज देतो, दुसरा उच्चाराचा. आणि १९४२ मध्ये मेलेल्या माणसाच्या नावाचा अर्थ १९५६ च्या रूपावरून लावणं हे तर निव्वळ कालविपर्यासाचं काम आहे.

पण मग मी काय वेगळं करतोय, असं तुम्ही विचाराल. नावात अर्थ शोधणं आलं की हा धोका आलाच. आपल्या गावाचंच बघा. पनवेल म्हटलं की कानाला पान आणि वेल ऐकू येतातच. इतिहासानं काहीही सांगितलं तरी ऐकू यायचं थांबत नाही. म्हणजे नावाला दोन हिशेब असतात: ते कसं बनलं, आणि भाषा जाणणाऱ्याला त्यात काय ऐकू येतं. समीक्षकाला दोन्ही मांडायचे असतात, फक्त एकाला दुसऱ्याचं नाव द्यायचं नसतं.

तर नाव कसं बनलं? परक्या नावाचं चिनीत करायचं म्हणजे उच्चाराला उच्चार जुळवत अक्षरं मांडायची. ही रीत फार जुनी. सातव्या शतकात श्वेनत्सांग, आपण ह्यूएनत्संग म्हणतो तो, आपल्या प्रदेशात आला, पुलकेशीच्या काळात. त्यानं 'महाराष्ट्र' चार अक्षरांत लिहिलं, साधारण 'मो-ह-ला-छा' असं. त्या चार अक्षरांचे अर्थ एकापुढे एक ठेवले तर काहीही निष्पन्न होत नाही. तिथे फक्त आवाज हवा होता. कोटणीस हेही आधी असंच झालं: 'ख-ती-नि-स्स'. चार अक्षरं, चार आवाज. मग शेवटची दोन गळाली आणि त्यांच्या जागी ह्वा आलं. ख तीह्वा.

इथे थांबून इतर चार जणांकडे बघू, कारण ती आपली कसोटी आहे. डॉ. अटल झाले 'आय-त-ह्वा'. अक्षरशः घेतलं तर प्रेम, सद्गुण आणि ह्वा. किती सुंदर! पण कुठल्याही चिनी वाचकाला ते दिसत नाही, कारण इंग्रजी 'एडवर्ड' हे नाव चिनीत नेमकं याच तीन अक्षरांत लिहितात. तो वाचतो एडवर्ड. अलाहाबादचे मदनमोहनलाल अटल चिनी कागदावर एडवर्ड होऊन गेले. चोळकर झाले 'च्वो-ख-ह्वा'. यातला 'ख' म्हणजे जिंकणे, काबूत आणणे. कोशातून शब्द उचलले तर 'चीनला जिंकणारा'! जपानी फौजा दाराशी असताना असं नाव कुणी मुद्दाम ठेवील का? नाही. कुणी तसं वाचतही नाही. सगळे ते परक्याचं नाव म्हणूनच वाचतात. मुखर्जींच्या नावातही हाच ख आहे, आधी 'मू', म्हणजे लाकूड. त्याचाही काही अर्थ लागत नाही, आणि लागायची गरजही नाही. यांतल्या 'ह्वा'चा अर्थ चीन असा घ्यायला काहीच हरकत नाही.

म्हणजे नुसती अक्षरं शेजारी आली की अर्थ होत नाही. त्या जोडीचा भाषेत आधीपासून शब्द असावा लागतो. 'ख-ह्वा' असा शब्द नाही. 'आय-त-ह्वा' आहे, पण तो एडवर्ड. आणि 'ती-ह्वा'? तो आहे. जुना आहे, कोशात आहे, आणि त्याचा अर्थ आहे भाऊ.

[फळ्यावर दुसरं अक्षर काढतात.]

हे 'ती'. डावीकडे झाडाची खूण आहे. चेरीच्या कुळातलं एक रानटी झुडूप, असं टीकाकार साधारण मानतात. फुलं दाटीनं, एकमेकांना चिकटून येणारं. 'शिजिंग' हा चीनचा सर्वांत जुना काव्यसंग्रह. त्यात तीनशेच्या वर गीतं आहेत. त्यातलं एक गीत याच झुडपाच्या नावानं ओळखलं जातं. झुडपाच्या फुलांवरून ते सुरू होतं आणि भावांवर येतं. दुसऱ्या शतकातल्या चंग श्वेन या भाष्यकारानं त्या प्रतिमेचा असा उलगडा केला: खालचा देठाचा पेला म्हणजे धाकटा भाऊ, तो आदरानं उचलून धरतो, वरच्या पाकळ्या म्हणजे थोरला, तो आपल्या शोभेनं पांघरूण घालतो. तेव्हापासून 'ती-ह्वा', म्हणजे त्या झुडपाचं फूल, हा भावांसाठीचा शब्द झाला. शिकलेली माणसं पत्रात धाकट्या मित्राला किंवा शिष्याला हे 'ती' अक्षर वापरून संबोधत. त्याला एक कारण आवाजाचंही आहे: धाकट्या भावाचा चिनी शब्द उच्चारात अगदी हाच.

आता कोटणीसांचं नाव पुन्हा वाचा. ख: झाडाची खूण डावीकडे. मूळ अर्थ कुऱ्हाडीचा दांडा, आणि फांदी. शिवाय खरंखुरं चिनी आडनाव. ती: झाडाची खूण, रानचेरी. ह्वा: गवताची खूण, फूल. फांदी, झुडूप, फूल. या वाक्यात शेवटच्या अक्षराचा अर्थ 'चीन' असा घेता येतो का? घेता येतो, जसा एखाद्या फुलाचा पत्ता विचारला तर देश सांगता येतो. पण वाचणाऱ्याला आधी फूल दिसतं, आणि त्याच्या मागोमाग भाऊ. पाचही नावांत अक्षर एकच, पण पंधराशे वर्षांपूर्वी त्यानं टाकून दिलेला अर्थ फक्त याच नावात त्याच्याकडे परत येतो. आणि त्याला कारण शेजारचं झुडूप.

'हे योगायोगानं झालं असेल' हा आक्षेप मी ऐकला आहे. त्याचं उत्तर कागदावरच आहे. 'ती' या आवाजाची अक्षरं चिनीत भरपूर आहेत. परक्या नावांसाठी ठरलेली, सोपी, रोजची अक्षरं आहेत. त्यांना बाजूला ठेवून हे शिजिंगमधलं झुडूप निवडलं गेलं. आणि मागची दोन अक्षरं काढून ह्वा लावलं, तेव्हा जोडशब्द पूर्ण झाला. ज्याच्या हातात कुंचला होता त्याला आपण काय लिहितोय ते दिसत होतं, असं माझं मत आहे. ज्याला हे मत मान्य नसेल त्यानेही एवढं मानावं, की लिहून झाल्यावर वाचणाऱ्याला ते दिसतंच.

अर्थात सगळ्याच वाचणाऱ्यांना नाही. ज्या खेड्यांतून कोटणीस शस्त्रक्रिया करत फिरले, तिथल्या शेतकऱ्यांना शिजिंगशी काय कर्तव्य? त्यांना ते 'ख ताय-फू' होते, ख डॉक्टर. हे लक्षात ठेवलं पाहिजे, नाहीतर आपण पंडितांच्या टाळ्या घेऊन घरी जाऊ.

आता मला ज्यासाठी हे सगळं बोलायचं होतं तिथे येतो. कोटणीसांच्या मृत्यूनंतर माओंनी शोकलेख लिहिला. त्यात कोटणीस हे राष्ट्राचे 'मित्र' आहेत. पुढच्या सगळ्या सरकारी स्मरणात, दोन्ही बाजूंच्या, हाच शब्द चालत आला. शिष्टमंडळं येतात, हार घालतात, मैत्री म्हणतात. पण नाव म्हणतंय भाऊ. आणि गंमत अशी की मित्र आणि भाऊ यांच्यातला फरक हाच त्या शिजिंगमधल्या गीताचा विषय आहे. त्या गीताचा आशय सांगतो. भाऊ घरात भांडतात, पण बाहेरचा अंगावर आला की एकत्र उभे राहतात. संकटात भाऊ धावून येतात, मित्र फार तर हळहळतात. आणि मग ते गीत एक अवघड गोष्टही बोलून दाखवतं: संकट टळलं, स्वस्थता आली, की भावापेक्षा मित्रच बरा वाटू लागतो.

'हिंदी-चिनी भाई-भाई' या घोषणेत काय नव्हतं ते यावरून कळावं. पंचशील करार १९५४ चा. त्या काळच्या उत्साहात भाई हा शब्द केवळ गोड म्हणून आला. ज्या भाषेच्या देशाला आपण भाई म्हणत होतो, तिच्या सगळ्यात जुन्या काव्यसंग्रहात भावाच्या शब्दाबरोबर भांडणही आलेलं होतं. घरातल्या भिंतीआडच्या भांडणाला चिनीत त्याच गीतातून आलेला वाक्प्रचार आहे, आणि तो आजही रोजच्या वापरात आहे. १९६२ नंतर आपल्याकडे 'भाईनं दगा दिला' असा सूर निघाला. कोटणीसांच्या नावाकडे कुणी नीट बघितलं असतं तर हा शब्द इतका भाबडा नाही, हे ध्यानात आलं असतं.

आणि कुंपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे फुलांचं प्रदर्शन होईल. परदेशात राहणाऱ्या चिनी माणसाला चिनीत 'ह्वा-छ्याव' म्हणतात. पहिलं अक्षर हेच; दुसऱ्याचा अर्थ परमुलखात वस्ती केलेला. आपल्याकडे कलकत्त्यात, आसामात, थोडे मुंबईत असे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १९६२ च्या अखेरीस त्यांच्यातल्या सुमारे तीन हजार जणांना, मुख्यतः आसाम आणि बंगालमधून, उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. त्यांत म्हातारे होते, मुलं होती, इथेच जन्मलेले होते. कित्येक जण तिथे वर्षानुवर्षं राहिले. एका भारतीयाच्या नावाला ह्वा लागलं तर आपल्याला भरून येतं. आणि ज्यांच्या ओळखीतच ह्वा होतं त्यांना आपण तारांच्या आत ठेवलं. या दोन गोष्टी मराठीत एकाच लेखात आलेल्या मी वाचलेल्या नाहीत.

आपल्याकडे कोटणीस पोचले ते शांतारामबापूंच्या चित्रपटातून. ख्वाजा अहमद अब्बास यांचं इंग्रजी पुस्तक १९४४ चं, 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' १९४६ ची. चित्रपटाचं नाव इतकं रुळलं की 'अमर कहानी' हे जणू त्यांचं आडनावच झालं. मला त्या चित्रपटाबद्दल आदर आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तो तसाच व्हायला हवा होता. पण अमर माणसाचं नाव कुणी बारकाईनं वाचत नाही. पुतळ्याखालची पाटी वाचावी तसं वाचतो, आणि 'ह्वा म्हणजे चीन' एवढ्यावर काम भागतं.

शेवटी घरातली नावं सांगतो, मग प्रश्न घेऊ. कोटणीसांच्या पत्नी क्वो छिंगलान, परिचारिका. त्यांच्या नावातलं 'लान' म्हणजे ऑर्किड. दोघांचं लग्न १९४१ च्या नोव्हेंबरात झालं आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनह्वा. 'यिन' म्हणजे भारत. हेही आवाजावरून घेतलेलं अक्षर. मूळ अर्थ शिक्का, मुद्रा, आणि त्याच्या प्राचीन रूपात एक हात गुडघे टेकलेल्या माणसाला दाबून धरतोय. श्वेनत्सांगानं मात्र या देशनावाचा संबंध आपल्या 'इंदु'शी, चंद्राशी लावला होता. तर यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. इथे फुलाचा संबंध नाही, शेजारचं अक्षर देशाचं आहे. वडिलांच्या आणि मुलाच्या नावात अक्षर तेच, अर्थ वेगळा. आई-वडिलांच्या नावांत फुलं, मुलाच्या नावात दोन देश. वडील गेले तेव्हा तो साडेतीन महिन्यांचा होता. पुढे वैद्यकीचं शिक्षण घेत असतानाच, १९६७ मध्ये, तोही गेला.

हं, विचारा.